चावीवाल्याचं उदाहरण

माझ्याकडे माणसं बाटलीतून यायची. अख्खी नाही, तुकड्यातुकड्यांनी. कुणाचं अपेंडिक्स, कुणाची गर्भपिशवी, कुणाच्या मानेवरची गाठ. बाटलीवर नाव, वय आणि सर्जनच्या न लागणाऱ्या अक्षरात दोन शब्द. शहापूरच्या बाजारपेठेत एका लहानशा सर्जिकल दवाखान्याच्या माडीवर आमची दोन खोल्यांची लॅब होती. तिथे मी पंचवीस वर्षं टेक्निशियन होते. संपादकांनी सांगितलंय, कामातल्या गमती लिहा. गमती आहेत, त्या लिहिते. पण पंचवीस वर्षांतली जी गोष्ट मला अजून सोडत नाही ती गमतीची नाही, आणि तिला बगल देऊन नुसत्या गमती लिहिणं मला जमणार नाही. दिवाळीचा फराळ करता करता वाचण्यासारखं काही हवं असेल त्यांनी पुढची चार पानं उलटावीत.

आधी काम सांगते, कारण आयुष्यभर लोकांना वाटत राहिलं की मी रक्त तपासते. ऑपरेशनमध्ये काढलेला मांसाचा तुकडा आला की तो फॉर्मालिनमध्ये बुडवायचा, म्हणजे सडत नाही. मग त्यातलं पाणी हळूहळू काढायचं आणि पाण्याच्या जागी वितळलेलं मेण भरायचं. मेण थिजलं की साबणाच्या वडीच्या पाव भागाएवढा ठोकळा होतो. त्या ठोकळ्याचे मशीनवर इतके पातळ काप काढायचे की त्यातून वर्तमानपत्र वाचता यावं. ते कोमट पाण्यावर तरंगवायचे, काचेवर उचलायचे, जांभळ्या आणि गुलाबी रंगात बुडवायचे. मग बाई सूक्ष्मदर्शकाखाली बघणार आणि सांगणार की गाठ साधी आहे की नाही. बाई म्हणजे आमच्या पॅथॉलॉजिस्ट, खालच्या सर्जनच्या पत्नी. मूळच्या पुण्याच्या, अबोल, आणि चूक झाली तर ओरडण्याऐवजी चष्मा काढून टेबलावर ठेवणाऱ्या. त्या चष्म्याला मी फार भ्यायचे.

काम नाजूक आणि गाव शहापूर. मेण वितळलं की नेमकी वीज जायची. रंग धुवायला सतत वाहतं पाणी लागतं, आणि आमच्याकडे धरण उशाला आणि कोरड घशाला. तानशाचं पाणी मुंबईत पोचतं, बाजारपेठेतल्या माडीवर पोचत नाही. तरी माझे काप चांगले निघायचे. मुंबईहून आलेल्या एका मोठ्या डॉक्टरांनी आमच्या काचा पाहून बाईंना विचारलं होतं की हे काप कुठल्या नव्या मशीनवरचे. मशीन जुनंच होतं. हात माझा होता, हे मी आजही सांगून टाकते.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. कसाऱ्याचा रेल्वेतला एक गँगमन पाठीवरची चरबीची गाठ काढल्यावर ती वजन करून मागत होता, कारण कामावर त्याने पैज लावली होती. एका जावयाने सासऱ्याच्या जिभेचा तुकडा फॉर्मालिन ओतून देऊन मिठाच्या पाण्यात घालून आणला. कैऱ्या वर्षभर टिकतात, मग हे दोन दिवस नाय टिकणार, असं त्याचं म्हणणं. तुकडा अर्थातच कुजला होता, आणि सासऱ्याला पुन्हा टेबलावर झोपावं लागलं. तानशाकडचे एक म्हातारे बायकोची गर्भपिशवी परत मागायला आले. नियमात बसत नव्हतं. ते म्हणाले, हिच्यातून माझी पाच पोरं आली, ती मी कचऱ्यात कशी जाऊ देऊ. बाईंनी खिडकीकडे तोंड फिरवलं आणि मी बाटली त्यांना दिली. शेताच्या बांधाला पुरली, असं नंतर त्यांनी मुद्दाम येऊन सांगितलं.

कापांइतकाच मला आणखी एका गोष्टीचा अभिमान होता, आणि आता खरी गोष्ट सुरू होते. मी समजावून फार छान सांगते, असं मला वाटायचं. बाईंचं बोलणं पुस्तकी. त्यांनी ‘पेशींची अनियंत्रित वाढ’ म्हटलं की समोरचा नुसता मान हलवायचा. मी सापगावची, भाताच्या घरातली. मग बाई नातेवाइकांना माझ्याकडे पाठवायच्या, ‘सुनंदा, तू सांग तुमच्या भाषेत.’ मी त्यांना बाकड्यावर बसवायचे, चहा मागवायचे आणि उदाहरण शोधायचे. भातवाल्याला तणाचं, गवंड्याला भिंतीतल्या ओलीचं. समोरच्याच्या चेहऱ्यावर उजेड पडला की मला असा काही आनंद व्हायचा की विचारू नका.

सत्त्याण्णवचा सुमार असेल. मुरबाडच्या पुढे धसईच्या बाजूच्या एका गावातून नामदेव नावाचा तरुण बाप आपल्या तीन वर्षांच्या मुलीला घेऊन खालच्या दवाखान्यात आला. बरोबर त्याची बायको हिरा. मुलगी सोनी. पोटाच्या डाव्या बाजूला कडक फुगवटा. गावाकडे हिवतापाने प्लीहा वाढलीय म्हणून दोन महिने गोळ्या दिलेल्या. मी जिन्यात त्यांच्या शेजारून गेले तेव्हा हिराने मुलीच्या तोंडावर पदर धरला होता. मला वाटलं दृष्ट लागायची भीती. तर हिरा म्हणाली, ‘तिला ऊन खपत नाय, ताई.’ पदर बाजूला झाला आणि सोनीने माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत बुबुळाचा तपकिरी रंगच नव्हता. आतलं सगळं काळंभोर. गावात तिला हरणडोळी म्हणत. मलाही ते डोळे सुंदर वाटले, आणि मी कौतुक करून माडी चढले.

ऑपरेशन झालं. डावं मूत्रपिंड गाठीसकट आलं, सोललेल्या नारळाएवढं, तीन वर्षांच्या पोरीच्या पोटातून. चौथ्या दिवशी मी काचा बाईंपुढे ठेवल्या. बाई फार वेळ बघत राहिल्या. मग मला सूक्ष्मदर्शकाच्या दुसऱ्या नळीतून बघायला लावलं. निळ्या, दाट, लहान लहान पेशींचे थवे. मध्येच त्या पेशींनी किडनीतल्यासारख्या नळ्या बनवायला घेतल्या होत्या आणि अर्धवट सोडल्या होत्या.

‘ही आईच्या पोटातल्या बाळाची किडनी आहे, सुनंदा,’ बाई म्हणाल्या. ‘हिला वाढणं बंद करायला कुणी सांगितलंच नाही.’ आणि थोड्या वेळाने, ‘मुलीचे डोळे कसे आहेत? पाहिलेस?’

मी चकित झाले. काचेत किडनी दिसत होती आणि बाई डोळे विचारत होत्या. मी सांगितलं. बाई उठून आतल्या कपाटातून एक जाड अंक घेऊन आल्या, आणि त्या दुपारी त्यांनी मला जे शिकवलं ते मी आजवर विसरलेले नाही. वाचकांना ते नीट कळावं अशी माझी इच्छा आहे, म्हणून उदाहरण न देता सांगते.

आपल्या प्रत्येक पेशीत सगळ्या शरीराच्या सूचना लिहिलेल्या असतात. केसाच्या पेशीतही किडनीच्या सूचना आहेत, फक्त तिथे त्या वाचल्या जात नाहीत. कुठली सूचना कुठे आणि कधी वाचायची, हे काही खास प्रथिनं ठरवतात. ती पेशीच्या केंद्रकात जाऊन सूचनेच्या नेमक्या जागी बसतात आणि वाचन सुरू करतात किंवा थांबवतात. पेशीने दुभागत राहावं की आता पुरे म्हणून आपल्या कामाला लागावं, हेही त्यांच्याच हातात. कातडीत, आतड्यात, यकृतात, सगळीकडे अशी प्रथिनं आहेत. जखम भरली की कातडी वाढायची थांबते ती त्यांच्यामुळे. गंमत अशी की एकच प्रथिन एका अवयवात वाढ थांबवतं आणि दुसरीकडे, रक्ताच्या काही कर्करोगांत, वाढीलाच मदत करतं. बाळाची किडनी घडताना पेशी भराभर दुभागतात. मग असंच एक प्रथिन त्यांना थांबवतं आणि रक्त गाळणारी जाळी बनायला लावतं. सोनीमध्ये गडबड होती ती त्याची. ते प्रथिन बनवण्याच्या सूचनेच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. सोनीच्या अंगातल्या प्रत्येक पेशीत त्यातली एक जन्मापासूनच गायब होती. डोळ्याचं बुबुळ घडवणाऱ्या प्रथिनाची सूचना तिच्या शेजारीच लिहिलेली असते, तीही त्याच फटक्यात गेली होती. म्हणून ते डोळे. आईबापांची चूक नाही, त्यांच्या घराण्यात काही नाही, बीज घडतानाच घडलेला अपघात. उरलेल्या एका प्रतीवर काम चाललं होतं. डाव्या किडनीतल्या कुठल्यातरी एका पेशीत तीही बिघडली, आणि त्या एका पेशीपासून नारळाएवढी गाठ झाली.

कागदावर हे सगळं काढून दाखवत होत्या ती पेन्सिल बाईंनी शेवटी ठेवली आणि सांगितलं, ‘उजव्या किडनीतली प्रत्येक पेशीसुद्धा एकाच प्रतीवर चाललीय. तिथे केव्हाही होऊ शकतं. लवकर सापडलं तर इलाज आहे. उशीर झाला तर नाही.’

सोनीला मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तिथे रक्ताच्या तपासणीत बाईंचा अंदाज खरा ठरला. सहा महिने औषधं चालली. केस गेले, परत आले. तिथून निघताना मिळालेल्या कागदावर इंग्रजीत लिहिलं होतं की उजव्या किडनीची दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी करावी, मूल आठ वर्षांचं होईपर्यंत. शहापुरात तेव्हा ठाण्याहून डॉक्टर आठवड्यातून दोनदा सोनोग्राफीला यायचे, म्हणून नामदेव तो कागद घेऊन आमच्याकडे आला. बाईंनी वाचला आणि नेहमीप्रमाणे म्हणाल्या, ‘सुनंदा, का यायचं ते यांना नीट समजावून सांग. हे सर्वांत महत्त्वाचं आहे.’

मी नवराबायकोला बाकड्यावर बसवलं. सोनी हिराच्या मांडीवर, नव्या केसांना तेल लावलेलं. चहा मागवला. नामदेव काय करतो ते विचारलं, कारण उदाहरण तिथूनच काढायचं. तो गावच्या पाणी योजनेवर चावीवाला होता. टाकीपासून प्रत्येक पाड्याला वेगळी लाइन जाते, जमिनीतल्या खड्ड्यात व्हॉल्व असतो, लोखंडी लांब चावीने तो उघडायचा आणि वेळ झाली की बंद करायचा. मला तर उदाहरण हातात आणून दिल्यासारखं झालं. मी म्हटलं, किडनीत पेशी वाढतात ते तुमच्या लाइनीतल्या पाण्यासारखं. वाढ पुरे झाली की चावी बंद करणारा एक असतो. सोनीच्या डाव्या किडनीत तो चावीवालाच नव्हता, म्हणून पाणी वाहतच राहिलं.

दोन प्रतींचं मी सांगितलं नाही. चावीवाल्याच्या उदाहरणात ते बसत नव्हतं. एका लाइनीला दोन चावीवाले कसे सांगणार, आणि एक जन्मापासून गैरहजर, दुसरा मध्येच पळालेला. बसवायला गेले असते तर उदाहरण मोडलं असतं, आणि मला ते मोडवेना.

नामदेव लक्षपूर्वक ऐकत होता. मान हलवत म्हणाला, ‘म्हंजी डाव्या लाइनीचा चावीवाला गेला, तर डॉक्टरांनी ती लाइनच काढली. उजव्या लाइनीचा येगळा, तो कामावर आहे.’

‘अगदी बरोबर,’ मी म्हटलं.

हे दोन शब्द मी उच्चारले. त्यात कुठेही खोटं सांगायचा हेतू नव्हता. इतक्या झटकन समजलं याचा आनंद होता, आणि सहा महिने मुंबईच्या व्हरांड्यात झोपून आलेल्या माणसाच्या तोंडावर पहिल्यांदा थोडा निवांतपणा दिसत होता, तो काढून घेण्याचं धैर्य नव्हतं. पण बाजूला हिरा बसली होती. ती म्हणाली, ‘मंग उजवी चांगली आहे तर दर तीन महिन्यानं बघायची कशाला?’

तिला काहीच समजलं नव्हतं असं मला वाटलं. खरं म्हणजे खोलीत एकटी तीच नेमका प्रश्न विचारत होती. नामदेवने तिला दटावलं, ‘गप गो, ताई सांगतात ना.’ आणि ताईंनी सांगितलं, ‘नुसती खात्रीसाठी गो. येत जा तेवढा.’

संध्याकाळी बाईंनी विचारलं, ‘दोन प्रतींचं सांगितलंस ना?’ मी म्हटलं, ‘सांगितलं, त्यांच्या भाषेत. नामदेवला तर लगेच समजलं.’ बाईंनी मान डोलावली आणि पुढची काच लावली.

ते दोनदा आले. दोन्ही वेळा उजवी किडनी चांगली. दुसऱ्या वेळी सोनी माझ्या टेबलापर्यंत आली आणि रंगांच्या बाटल्या बोटाने मोजू लागली. तिसरी वेळ एप्रिलात यायची होती. आली नाही. उन्हाळ्यात चावीवाल्याला गाव सोडता येत नाही. पाणी दिवसाआड असतं, आणि एका पाड्याला दहा मिनिटं जास्त गेलं तर दुसऱ्या पाड्याची बायामाणसं हंडे घेऊन त्याच्या दारात येतात. मला हे माहीत होतं. मे गेला, मग लावणी लागली. आमची रीत अशी की लांबच्या पेशंटला निरोप द्यायचा तर मुरबाड गाडीच्या कंडक्टरकडे चिठ्ठी द्यायची. गावोगावचे रिपोर्ट आम्ही असेच पाठवायचो, एकही हरवला नाही. सोनीच्या घरी चिठ्ठी पाठवणं म्हणजे दोन ओळी खरडून स्टँडपर्यंत चालत जाणं, एवढंच काम. मी ते केलं नाही. विसरले असते तर आज माझ्या जिवाला थोडं बरं वाटलं असतं. मी विसरले नव्हते. दर आठवड्याला आठवण यायची आणि मी मनात म्हणायचे, येतील सवडीने, उजवी चांगलीच आहे. माझ्याच उदाहरणावर माझा विश्वास बसला होता. बाईंनी मला पेन्सिलने काढून दाखवलेलं मागे पडलं आणि मी नामदेवला सांगितलेलं खरं होऊन बसलं.

दसरा झाल्यावर ते आले. सोनीला आंघोळ घालताना हिराच्या हाताला उजव्या कुशीत काही लागलं होतं. सोनोग्राफीवाले डॉक्टर बोलायचे थांबले तेव्हाच मी ओळखलं. मुंबईला पोचले तोवर फुप्फुसात गेलं होतं, आणि एकच उरलेली किडनी काढूनही टाकता येत नव्हती.

त्या दिवशी लॅब बंद करताना बाईंनी विचारलं, ‘सुनंदा, त्याला नक्की काय सांगितलं होतंस?’ मी सगळं सांगितलं, शब्दाला शब्द, त्या ‘अगदी बरोबर’सकट. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.  मग त्या इतकंच म्हणाल्या, ‘मी तुझ्यावर सोडायला नको होतं. मी स्वतः बोलायला हवं होतं.’ त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

माघात मुरबाड गाडीच्या कंडक्टरने निरोप आणला की सोनी गेली. त्याने निरोप सांगितला आणि सवयीने विचारलं, काही चिठ्ठी द्यायची आहे का. मी नाही म्हटलं.

त्यानंतर मी उदाहरणं देणं बंद केलं. नातेवाईक आले की मी त्यांना बाईंकडे पाठवायचे. बाईंना नवल वाटलं नाही. काप मात्र काढत राहिले, तसेच पातळ. हात आपलं काम करत राहतात, त्यांना कसली लाज नसते. लोक म्हणतात काळ हे औषध आहे. काळाने माझा एवढाच फायदा केला की मला तो प्रसंग इतक्यांदा आठवला की आता रडू येत नाही.

पुढे दोन हजार सालानंतर एक नवी तपासणी आली. ही केंद्रकातली प्रथिनं आपल्याला साध्या रंगात दिसत नाहीत. पण नेमक्या त्या प्रथिनालाच चिकटणारं एक द्रव्य काचेवर टाकायचं आणि ते जिथे चिकटेल तिथे तपकिरी रंग आणायचा. जिथे प्रथिन आहे तिथे केंद्रक तपकिरी, नाही तिथे निळंच. आमच्याकडे ती सोय नव्हती, बाई ठोकळे मुंबईला पाठवायच्या. एकदा पाठवायचे ठोकळे काढताना बाईंनी सोनीचाही ठोकळा दिला. का, ते मी विचारलं नाही. मेण तसंच होतं, कडेला माझ्या सुरीच्या खुणा.

काच परत आली. बाईंनी मला बसवलं आणि त्या बाहेर निघून गेल्या. एका कडेला तिच्या डाव्या किडनीचा चांगला उरलेला पट्टा होता. रक्त गाळणाऱ्या गोलगोल जाळ्यांच्या कडेने तपकिरी ठिपके, स्वच्छ. ते तिच्याकडे असलेल्या त्या एकुलत्या एका प्रतीचं काम. तेवढ्यावर ती पोर जगली, बोलली, तिने बाटल्या मोजल्या. काच सरकवली की गाठ सुरू. तिथे एकही ठिपका तपकिरी नाही. मी बऱ्याच वेळाने सूक्ष्मदर्शकावरून डोळे उचलले. मग बाईंना सांगितलं की मला एक दिवसाची रजा हवी आहे. कुठे जाणार ते त्यांनी विचारलं नाही.

सकाळच्या मुरबाड गाडीने गेले, पुढे धसईकडची गाडी. गाव सापडलं. नामदेव टाकीजवळच होता, खड्ड्यात वाकून चावी फिरवत. सहासात वर्षांनी त्याने मला ओळखलं आणि घाईघाईने हात पुसले. घरी घेऊन गेला. हिराने पाणी दिलं. त्यांना मागाहून मुलगा झाला होता, तो शाळेत गेला होता. त्याचे डोळे चांगले आहेत, हे हिराने मी न विचारताच सांगितलं.

मी वाटेत ठरवून आले होते की फिरवाफिरव करायची नाही. आमच्या बोलीत सरळ सांगितलं. ‘नामदेव, मी तुमाला तेव्हा चुकीचा सांगितला. उजव्या लाइनीचा चावीवाला येगळा नव्हता. दोनी किडनीत एकच खोट होती, जन्मापासून. म्हणून बघायला बोलवत होते. तुमी येगळा बोललात तेव्हा मी तुमाला थांबवायला पायजे होता. मी ‘अगदी बरोबर’ असा बोलले.’

हे म्हणून मी खाली बघत बसले. तो शिव्या देईल, उठून जाईल, रडेल, सगळ्याची तयारी होती.  तो म्हणाला, ‘ताई, मला त्यातला काय समजलाच नव्हता.’

मी वर पाहिलं. ‘तुमी तर सगळा नीट बोलून दाखवलात.’

‘तुमी बोलल्या तेच मी फिरवून बोललो. उजवीचा चावीवाला मी माझ्या मनानं घातला.’ तो शरमल्यासारखा हसला, इतक्या वर्षांनंतरही. ‘तुमी येवढ्या मनापासून सांगत होत्या. आमच्यासाठी चहा मागवला. मोठी माणसं कागद हातात देऊन मोकळी व्हतात, तुमी खाली बसून सांगितला. तुमाला नाय समजला असा कसा बोलू?’

इतकी वर्षं मी त्या उदाहरणाला दोष देत आले होते, रात्रंदिवस त्याची मोडतोड करत आले होते. आणि ते त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. त्याने माझं मन राखलं होतं. आमच्याकडे यजमानाने वाढलेलं पाहुण्याने ताटात टाकायचं नसतं, तसं. मी त्याच्या चेहऱ्यावर जो उजेड पाहिला म्हणते, तो शिष्टाचार होता. मला त्यातला फरक ओळखू आला नाही, कारण मला तो ओळखायचाच नव्हता.

हिरा चुलीपाशी उभी होती. नामदेव तिच्याकडे आणि मग माझ्याकडे बघत म्हणाला, ‘आता सांगा. आमच्या पोरीला झाला काय व्हता?’

मी सांगितलं. पाणी नाही, लाइन नाही, चावी नाही. अंगात लहान लहान पेशी असतात तिथपासून. दोन प्रती, एक तुमच्याकडची, एक हिराकडची, आणि एक आधीच नसलेली. डोळे का तसे होते. डावीकडे काय झालं, उजवीकडे तेच का होऊ शकत होतं. तुमचा दोष नव्हता. लवकर बघितलं असतं तर कदाचित वाचली असती, हेही.  फार वेळ लागला. संपल्यावर ‘समजलं का’ हे शब्द सवयीने तोंडात आले ते मी गिळले.

नामदेव मान हलवणार होता, मी बघत होते. त्याआधी हिरा बोलली.

‘नाय समजला.’

या वेळी नामदेवने तिला दटावलं नाही. तो सरकून बसला आणि तिला जागा करून दिली. ती येऊन बसली. मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.